खिडकी हिंजवडीला गेली आहे

पुण्यात हेल्मेट घालणारा जो पहिला माणूस मी पाहिला, तो पायी यायचा. त्याच्याकडे स्कूटर नव्हती, सायकल नव्हती आणि घ्यायचा विचारही नव्हता. कर्वेनगरातल्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसात, विद्यार्थी विभागात, या माणसाच्या, म्हणजे सरांच्या, खुर्चीच्या बरोब्बर वर एक पंखा होता आणि तो फिरताना नको नको म्हणत मान हलवायचा. एकदा त्या पंख्याशेजारचा गिलावा पडला. सरांनी दुरुस्तीसाठी तीन अर्ज केले, तिन्हींना उत्तर नाही. मग एके दिवशी सर हेल्मेट घालूनच कामावर आले. पुढे छत दुरुस्त झालं, पंखा बदलला, हेल्मेट डोक्यावरच. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "अहो, दुरुस्ती कोणी केलीय ते मला ठाऊक आहे. म्हणून तर घालतोय."

सर म्हणजे शिकवणारे सर नव्हेत. ते विद्यार्थी विभागाचे अधीक्षक. पण ऑफिसातल्या माणसाला 'सर' म्हटलं की काम लवकर होतं, असा यवतमाळहून येताना माझा समज होता. पुण्यात तसं काही नसतं. इथे 'सर' म्हटलं की समोरचा आधी आपल्याला खालपासून वरपर्यंत बघतो आणि मग म्हणतो, "बोला, काय चुकलंय आपलं?"

कॉलेज संध्याकाळचं होतं. दिवसा कुठे ना कुठे राबणारी मुलं सहाला यायची आणि कॉम्प्युटरचा तीन वर्षांचा डिप्लोमा करायची. तेव्हा पुण्यात कॉम्प्युटरची साथच आली होती. हिंजवडीला उसाशेजारी काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि ज्याला माउस धड हातात धरता येतो त्याला अमेरिकेला नेतात, अशी बातमी पार यवतमाळच्या आठवडी बाजारापर्यंत पोचली होती. मी दिवसा एका झेरॉक्सच्या दुकानात उभा असायचो. उजेडाची पट्टी डोळ्यांसमोरून इतक्यांदा जायची, की संध्याकाळी वर्गात फळाही हिरवा दिसायचा. तो मुळात हिरवाच होता, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.

माझ्या डोक्यावर एक टांगती तलवार होती. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला बाबांनी फोनवर सांगून टाकलं होतं, "जूनलोक पाह्यतो मी. नौकरी लागली तं ठीक. नाई लागली तं चाल ये वापस. मामा बसवते तुले दुकानात." मामांचं हार्डवेअरचं दुकान होतं. मामा सकाळी आठला खिळे मोजायला बसवत आणि दुपारी पुन्हा तेच खिळे मोजायला सांगत, माणूस इमानदार आहे का ते बघायला. मला दुसरं काहीही चाललं असतं, ते खिळे नको होते. म्हणून जूनच्या आत नोकरी. बस.

आता नोकरी पाहिजे तर आधी ऑफिसातून यादीत नाव लागलं पाहिजे. ऑफिसात खिडक्या तीन. पहिली शिष्यवृत्तीची. तिथे एक बाई बसायच्या, ज्यांच्या मते कागदाला कागद जोडल्याशिवाय माणूस सिद्ध होत नाही. दुसरी परीक्षेची. तिथे एक काका होते. गोल शिक्का कायम त्यांच्या हातात असायचा आणि बोलता बोलता ते तो हवेत मारायचे. तिसरी नोकरीची. तिथे चोवीस वर्षांचा एक मुलगा अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर टाय लावून बसायचा आणि प्रत्येक वाक्य 'बेसिकली' म्हणून सुरू करायचा. आम्ही त्याला टायवाला म्हणायचो. तिघांच्या मध्ये प्लायवूडच्या भिंती.

मी टायवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "बेसिकली, फी भरल्याची पावती लागेल." फी शिष्यवृत्तीतून जाणार होती. बाईंकडे गेलो. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मार्कलिस्ट जोडा." काकांकडे गेलो. काका म्हणाले, "फी भरल्याशिवाय मार्कलिस्ट मिळत नाही," आणि शिक्का हवेत मारला. असा मी चार दिवस फिरलो. चौथ्या दिवशी मी तिन्ही खिडक्यांच्या मधोमध उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "बाप्पा! काहून छळता बे मले?"

मागून आवाज आला, "छळत नाहीत. ते एकमेकांना ओळखत नाहीत."

हेल्मेट होतं. सरांनी माझ्या हातातला अर्ज घेतला, हेल्मेटची काच खाली ओढली आणि स्वतः रांगेत उभे राहिले. माझ्यादेखत ते पहिल्या खिडकीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर आणि तिसरीवरून पुन्हा पहिलीवर गेले. एकाही माणसानं मान वर केली नाही. सात फेऱ्या झाल्या. आठव्या फेरीला बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वर पाहिलं.

"अगं बाई! सर, तुम्ही?"

"मी नाही," सर म्हणाले. "मी यवतमाळकर. मला यांनी चार दिवस फिरवलंय. आपण कोण?"

त्या रविवारी सरांनी घरून करवत आणून प्लायवूडच्या भिंती स्वतः कापल्या. परवानगी घेतली नव्हती. रखवालदारानं हटकलं तेव्हा म्हणाले, "परवानगी मागायला तीन खिडक्यांवर जावं लागतं." सोमवारी तिघं कामावर आले, तो एकच लांब टेबल आणि एकच खिडकी. बाई आणि काका अकरा वर्षं पाठीला पाठ लावून बसले होते आणि एका टेबलफॅनचं तोंड कुणीकडे असावं यावरून नऊ वर्षं बोलत नव्हते. आता एकमेकांच्या डब्यात काय आहे हेही दिसायला लागलं. पहिले दोन दिवस दोघंही आपापल्या फायली समोर उभ्या करून जेवले.

नियम एकच. मुलानं अडचण एकदाच सांगायची, तिघांनी ऐकायची, आणि 'तिकडे जा' असं कुणी म्हणायचं नाही. जो म्हणेल त्यानं त्या मुलाला चहा पाजायचा. काकांनी पहिल्या आठवड्यात एकोणीस चहा पाजले. काही मुलं तर काम नसताना यायची, काकांसमोर उभी राहायची आणि मोठ्या आशेनं विचारायची, "काका, बोनाफाइड कुठे मिळेल हो?" काकांच्या ओठांवर 'ति' यायचा, मग ते दात आवळून म्हणायचे, "इथेच. बस मेल्या."

मला वाटलं, एवढ्यावर हा माणूस थांबेल. कसचं काय! भिंती गेल्यावर त्यांना फॉर्मही तीन नको झाले. त्यांनी एकच फॉर्म काढला. चार पानं, चौसष्ट प्रश्न. तो त्यांच्या समोरच भरावा लागे, कारण पेन ते द्यायचे, आणि ते पेन सुतळीनं त्यांच्या खिशाच्या बटणाला बांधलेलं असे. सुतळी वीतभर. लिहिणाऱ्याला जवळजवळ त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून लिहावं लागे. पेन चोरीला जाऊ नये म्हणून असेल असं आम्हाला वाटायचं. पण पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं विचारलंच, तेव्हा म्हणाले, "लांब उभं राहून माणूस खोटं लिहितो."

आणि प्रश्न तरी कसले! 'आपणास मामा आहेत का? असल्यास उपयोगाचे आहेत का?' मी लिहिलं, 'आहेत. म्हणूनच भीती वाटते.' 'पोहे भिजवता की धुता?' 'शेवटचे कधी पोटभर हसलात? कारण द्या.' 'रोज किती वाजता भूक लागते?' या शेवटच्या प्रश्नावर आम्ही वर्गात लोळून हसलो होतो. पण दीडशे फॉर्म वाचून सरांच्या लक्षात आलं, की निम्म्या वर्गाला आठ वाजता भूक लागते आणि त्या वेळी तास चालू असतो. तास सुटेपर्यंत गल्लीतली खानावळ बंद. इतकी मुलं गणिताच्या तासाला का झोपतात याचं कारण प्राध्यापक मंडळी दोन वर्षं शोधत होती. सर खानावळीच्या मावशींकडे गेले आणि त्यांचे डबे सात वाजता खिडकीवर यायला लागले. पैसे शिष्यवृत्तीच्या बाईंनी कुठल्याशा कल्याण निधीतून बसवले. तो निधी अस्तित्वात आहे हे बाईंनाही नव्यानंच कळलं होतं.

सर दिसायला असे काही प्रेमळ वगैरे नव्हते हो. आभार मानलेले त्यांना खपायचे नाहीत. मी एकदा "तुमचे फार उपकार झाले" असं म्हणालो, तर म्हणाले, "झाले असतील तर लेखी द्या, नसतील तर वाट सोडा."

खरा घोळ झाला तो बावन्न नंबरच्या प्रश्नानं. तो असा होता: 'नोकरीसाठी केलेल्या बायोडेटात आपण काय काय खोटे लिहिले आहे? स्वतंत्र कागदावर क्रमवार लिहावे. हे फक्त मी वाचतो.'

मी पेन हातात धरून बसलो. सरांच्या खांद्याला डोकं टेकलेलं होतंच. ते समोर बघत म्हणाले, "लिहा. सगळे लिहितात. कुणी पाच, कुणी सात. एका मुलीला कागद पुरला नाही, तिला मागची बाजू दिली."

मी नऊ लिहिली. एक, छंद बुद्धिबळ: सोंगट्यांची नावं माहीत आहेत. दोन, अस्खलित इंग्रजी: समोरचा गप्प असेल तर. तीन, सी प्लस प्लस: नाव ऐकून आहे. चार, नेतृत्वगुण: एकदा गणपतीची वर्गणी गोळा केली, ती कमी भरली. अशी खाली खाली आठपर्यंत गेली, आणि नववं, गणिताची विशेष आवड: गणित भाग दोन राहिलेला आहे, दोनदा.

वाटलं, आता पुसायला लावतील. सरांनी यादी वाचली आणि म्हणाले, "खोटं पुसायचं नसतं. पुसलं तर बायोडेटात उरणार काय? ते खरं करायचं. ऑक्टोबर चालू आहे, कंपनी मार्चमध्ये येते. पाच महिन्यांत नऊ. रोज भेटा."

आणि मग मागेच लागले की! बुद्धिबळ काकांनी शिकवायचं, चहाच्या वेळात. काका मला हरवताना प्यादं मारलं की शिक्का टेबलावर आपटायचे. इंग्रजी टायवाल्याशी बोलायचं, रोज अर्धा तास. त्यामुळे महिनाभरात मीही 'बेसिकली' म्हणायला लागलो. सी प्लस प्लससाठी प्रयोगशाळेची किल्ली बाईंनी काढून दिली. नेतृत्वासाठी मला डब्यांवर नेमलं: चाळीस डबे, चाळीस भुकेली माणसं, आणि उसळ कमी पडली तर जबाबदार मी. तेव्हापासून मोर्चे काढणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो. एकेक खोटं खरं झालं की सर स्वतः तपासायचे आणि यादीवर लाल टिक मारून पुढे महिना लिहायचे. मार्चपर्यंत सहा टिका झाल्या. तीन राहिल्या. त्यात नववं होतंच.

मार्चमध्ये हिंजवडीच्या एका कंपनीचं पत्र आलं. चौदा मुलांना बोलावलं होतं. बायोडेटा आगाऊ पाठवा, असं त्यात म्हटलं होतं. नेमका टायवाला तापानं आडवा. आता भिंती नाहीत, तिघांचं काम ते सगळ्यांचं काम, म्हणून शिष्यवृत्तीच्या बाई पुढे झाल्या. "मी पाठवते की. त्यात काय एवढं?"

बाईंनी सतरा वर्षं फक्त समाजकल्याणच्या कचेरीला कागद पाठवलेले. तिथे एक जोडपत्र कमी पडलं की अख्खी फाइल परत येते, हे त्यांच्या हाडामासात भिनलेलं. त्यांना नुसता बायोडेटा पाठवणं म्हणजे कुणाला उघडं घराबाहेर पाठवण्यासारखं वाटलं. त्यांनी प्रत्येक बायोडेटाला मूळ फॉर्म जोडला. फॉर्मला सगळी जोडपत्रं जोडली. सगळ्याच्या तीन तीन प्रती काढल्या. आणि काकांना म्हणाल्या, "अहो, जरा शिक्के मारता का?" नऊ वर्षांनी बाई आपणहून काहीतरी मागताहेत म्हटल्यावर काका इतके हरखले, की न वाचता सगळ्या पानांवर शिक्के मारत सुटले.

अशा रीतीनं माझ्या नऊ खोट्यांची यादी तीन प्रतींत हिंजवडीला पोचली, आणि प्रत्येक प्रतीवर गोल शिक्का होता: 'सत्यप्रत.'

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. कंपनीची बस आली, आम्ही चौदा जण इस्त्री मोडू नये म्हणून उभ्यानंच गेलो. आत गेल्यावर गारठा एवढा, की मला वाटलं माणसांना कॉम्प्युटरसारखंच थंड ठेवत असतील. माझा नंबर आला. समोर एक चष्मेवाल्या मॅडम आणि त्यांच्या शेजारी एक दाक्षिणात्य साहेब. साहेबांनी इंग्रजीतून छंद विचारला. मी पाठ केल्याप्रमाणे सांगितलं, बुद्धिबळ.

मॅडमनी समोरचा कागद पाहिला आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "हो. नोव्हेंबरपासून."

तो कागद म्हणजे माझी नऊ खोट्यांची यादी. लाल टिका उलट्या बाजूनंही ओळखू येत होत्या. मॅडम एकेक ओळ वाचून साहेबांना इंग्रजीत सांगत होत्या आणि साहेब आपल्या टायनं डोळे पुसत होते. गणपतीच्या वर्गणीपाशी तर ते खुर्चीतून उठून खिडकीशी गेले.

"हे खरं आहे सगळं?" मॅडमनी विचारलं.

तेव्हा मला राग आला. सरांचा, बाईंचा, मामांचा, सगळ्या जगाचा. म्हटलं, आता जायचंच आहे खिळे मोजायला, मग घाबरायचं कुणाला? मी म्हणालो, "मॅडम, खऱ्याचा कागद तोच आहे. खोट्याचा कागद त्याच्यावर टाचलाय."

"आणि ही तीन राहिली ती?"

"वेळ कमी पडला."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "या तुम्ही."

चौदाही जणांचं हेच झालं. परतीच्या बसमध्ये ज्यानं त्यानं दुसऱ्याला विचारलं, तुझी किती? ज्या मुलीला मागची बाजू दिली होती ती तर रडत होती. दोन दिवसांनी प्राचार्यांना कंपनीचं पत्र आलं, की आपल्या महाविद्यालयाच्या कागदपत्रांबाबत खुलासा होईपर्यंत निवड थांबवली आहे. प्राचार्यांनी सरांना बोलावून सोमवारपर्यंत भिंती परत घालायचा हुकूम दिला. प्लायवूडही आलं.

मी संध्याकाळी खिडकीवर गेलो आणि वाट्टेल ते बोललो. "फक्त मी वाचतो म्हणाला होतात! आता जूनमध्ये माझी रवानगी! तुमचं काय जातंय? तुम्ही हेल्मेट घालून बसा इथे!" बाईंनी पदर तोंडाला लावला. सरांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "चूक माझी आहे."

ऑफिसात बसलेला माणूस असं म्हणताना मी आयुष्यात प्रथम ऐकलं. पुढचं ओरडायचं मी विसरूनच गेलो.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, खिडकी बंद. पाटी लावलेली: 'खिडकी हिंजवडीला गेली आहे. शनिवारी परत येईल. घाई असल्यास सोबत यावे.'

मला घाई होतीच. मी धावत बसस्टॉपवर गाठलं त्यांना. सर हेल्मेटमध्ये, बाईंच्या कडेवर फाइलींचा गठ्ठा, काकांच्या खिशात शिक्का, आणि टायवाला मफलरवरून टाय बांधून. दोन बस बदलून आम्ही कंपनीच्या फाटकावर पोचलो. सुरक्षारक्षकानं वही पुढे केली. नाव, वेळ, आणि येण्याचं कारण. सरांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'चूक.' रक्षकानं हेल्मेट बघून विचारलं, "गाडी कुठे लावली?" सर म्हणाले, "अजून घेतली नाही."

मॅडम खाली आल्या. सर उठून उभे राहिले. "माझं नाव महत्त्वाचं नाही. मुलांनी मला विश्वासानं खरं सांगितलं होतं आणि ते मी तुमच्यापर्यंत पोचू दिलं. शिक्षा व्हायची तर मला व्हावी. मुलांचा दोष नाही."

"अहो, तुमचा कुठला?" बाई मध्येच म्हणाल्या. "टाचलं मी. मॅडम, मी टाचलं!"

"टाचून काय होतंय?" काका उसळले. "शिक्का कुणाचा आहे? माझा आहे. न वाचता मारला मी!"

"बेसिकली," टायवाला शिंकला, "माझं काम होतं ते. मला ताप यायला नको होता."

इतकी वर्षं 'ते आमच्याकडे येत नाही' असं सांगणारी ही माणसं त्या गुळगुळीत फरशीवर उभी राहून चुकीवर मालकी सांगत भांडत होती. बाई आणि काका तर हमरीतुमरीवर आले. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला त्या चौघांची इतकी माया आली, की मी तिथल्या कुंडीतल्या झाडाकडे बघत उभा राहिलो.

मॅडमनी हात वर केला. "एक मिनिट. निवड आम्ही रागावून थांबवलेली नाही. हा फॉर्म कोणी बनवला, ते आम्हाला कळत नव्हतं. इथे रोज शंभर बायोडेटा येतात. सगळ्यांना बुद्धिबळ येतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चूक लिहायची, दुरुस्त करायची, तपासून टिक मारायची आणि तारीख घालायची. आमच्याकडे एक अख्खा विभाग एवढंच करतो. सॉफ्टवेअरच्या चुका शोधतो. तुम्हाला तिथे घेते. पण गणित सुटल्याशिवाय नाही. तो कंपनीचा नियम आहे, माझा नाही."

चौदातली नऊ मुलं लागली. मागची बाजूवाली पहिली. आणि मी, गणित सुटलं तर. प्राचार्यांनी भिंतींचा विषय पुन्हा काढला नाही. आलेल्या प्लायवूडची डबे ठेवायला मांडणी झाली.

आता राहिलं गणित भाग दोन. परीक्षा मे महिन्यात. सर म्हणाले, "रोज सकाळी साडेसहाला या. मला शिकवा."

"मी? तुम्हाला?"

"मला ओ की ठो येत नाही. मला कळलं म्हणजे तुम्हाला आलं असं धरू."

सहा आठवडे मी त्या माणसाला गणित शिकवलं. डोकं बधिर व्हायची पाळी आली. एकच गोष्ट पाच पाच वेळा विचारायचे. "हा एक्स इथून तिकडे का गेला? त्याला कोणी पाठवला? कारण द्या." मी चिडायचो, पुस्तक आपटायचो, मग पुन्हा पहिल्यापासून सांगायचो. सांगता सांगता मलाच काहीतरी उमगायचं आणि मनात म्हणायचो, काय बेरकी माणूस आहे! सगळं येतंय, माझ्यासाठी न कळल्याचं सोंग करतोय. चौथ्या प्रकरणाला तर त्यांनी असा काही चेहरा केला, की मला त्यांच्या अभिनयाचं कौतुक वाटलं.

जूनच्या मध्यावर निकाल लागला. काकांनी मार्कलिस्ट माझ्या हातात ठेवली. एक्केचाळीस. पास चाळिसाला होते. मी ओरडलो. बाई रडल्या. टायवाल्यानं टाय काढून हवेत उडवला. कोपऱ्यावरच्या बूथवरून मी घरी फोन लावला. बाबा म्हणाले, "लागली? खरंच लागली? थांब, तुह्या मायले देतो," आणि कितीतरी वेळ आईला फोन दिलाच नाही, नुसते नाक ओढत राहिले.

परत आलो तेव्हा सर आपल्या जागेवर बसून होते. मी वाकून पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले. मी म्हणालो, "सर, तुम्ही सोंग केलंत म्हणून सुटलो."

"सोंग?" सर म्हणाले.

काकांनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ड्रॉवरातून आणखी एक मार्कलिस्ट काढून हळूच टेबलावर सरकवली. गणित भाग दोन. परीक्षा केंद्र लोणी काळभोर, म्हणजे आपल्या मुलांनी बघायला नको. नाव सरांचं. गुण एकोणीस.

"पस्तीस वर्षांपूर्वी गणितात अडकून बी.एस्सी. सोडलं त्यांनी," काका खालच्या आवाजात म्हणाले. "या वेळी बाहेरून बसले होते. कुणाला सांगू नकोस म्हणाले."

सहा आठवडे मी पुस्तक आपटत होतो. सरांनी ती मार्कलिस्ट घडी करून खिशात घातली आणि सुतळीचं पेन नीट केलं.

"चौथं प्रकरण काही डोक्यात जात नाही," ते म्हणाले. "ऑक्टोबरला पुन्हा बसतोय. तुमच्या त्या सॉफ्टवेअरवाल्यांना रविवारी सुट्टी असते म्हणतात. खरं आहे का?"

मी म्हणालो, "असते, सर."

"मग रविवारी या," सर म्हणाले. "सकाळी. आणि जरा सावकाश सांगा या वेळी."